भिंतीपलीकडची तालीम

"म्हंजी बेडकातबी पैलवान घडवतीस व्हय?" साहेबरावआबा खो खो हसले.

नात साक्षी पुण्याच्या प्रयोगशाळेत बेडकांवर काम करायची. रविवारी कुरुळीला आली की ओट्यावर बसून आबांना मोबाइलवर फोटो दाखवायची.

"हा मोहरीएवढा गर्भ, आबा. ज्यांचा पुढं स्नायू व्हायचा असतो, त्या पेशी मी काढते आणि दुसऱ्या गर्भात लावते. शंभरेक एकत्र लावल्या की स्नायू होतो. एकटीच लावली तर नाही होत."

"दम नसंल तिच्यात. तुझ्या बापावाणी."

बाप, म्हणजे कुलदीप, पलीकडेच सेकंड शिफ्टसाठी कंपनीचे बूट चढवत होता. त्याने मान वर केली नाही. हे त्याला रोजचंच होतं.

कुलदीप बारा वर्षांचा असताना आबांचं तालमीच्या वस्तादाशी वाजलं. आबांनी पोराला तिथून उचललं, तालमीला लागूनच असलेल्या आपल्या गोठ्यात लाल माती टाकली आणि एकट्यालाच जोर मारायला लावलं. दूध, बदाम, खारीक, कशाला कमी केलं नाही. पण हे बेणं जोर सोडून भिंतीला टेकून उभं राहायचं! जत्रेतल्या पहिल्याच कुस्तीत चितपट झालं. आता चाकणला फोर्कलिफ्ट चालवतो. पण आबांच्या स्वप्नात त्याच्या खांद्यावरची गदा अजून यायची, आणि जाग आली की जीव तळमळायचा.

"दम असतो, आबा," साक्षी चिडून म्हणाली. "जरा मोठी झाल्यावर काढली तर एकटीसुद्धा स्नायू होते. पण कोवळी असताना आपल्या सोबत्यांतून काढली की संपलं. त्यात तिचा काय दोष?"

आबांचा सुपारी कातरणारा हात थांबला.

"कुलदीप," ते म्हणाले. आवाज भलताच बारीक झाला होता. "लेका, तुला मी कोवळा असतानाच काढला रं."

कुलदीपने बुटाची नाडी आवळली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तो बापाच्या डोळ्यांत बघत बोलला.

"मी भिंतीला टेकायचो न्हाई, आबा. कान लावायचो. पलीकडं तालमीत माझ्या जोडीचे भैरू आन् ज्योतीराम शड्डू ठोकायचे. मग मीबी इकडून ठोकायचो. तुमाला ऐकू जाणार न्हाई, असा."