बिनतारीला कुलूप

“आणि अँब्युलन्सचं काय?” वसंतरावांनी विचारलं.

नारायणस्वामींनी कॉफीचा टंबलर खाली ठेवला. पोलिसांच्या बिनतारी विभागाचे ते अधिकारी. समोरचे म्हातारे रेल्वेतून निवृत्त झालेले, चेन्नईतच मुरलेले. तक्रारींच्या दिवशी न चुकता हजर.

“अँब्युलन्सचं काय, सार?”

“पूर्वी तुमचं बोलणं उघड असायचं. देवळाच्या अँब्युलन्सवरची माणसं ते ऐकायची आणि कुणी बोलावायच्या आधी निघायची. आता तुम्ही सगळं एन्क्रिप्ट केलंत, बोलण्याला कुलूप घातलंत. त्यांना नुसती खरखर येते. परवा आमच्या नाक्यावर एक माणूस तसाच पडून होता.”

“आम्ही फोन करतो ना त्यांना.”

“करता. चहा झाल्यावर.”

“कॉफी, सार.”

वसंतराव हसले नाहीत. चेन्नईजवळच्या कोवलमचे कोळी जुन्या सेटवर ऐकून पोलिसांच्या आधी होडी काढायचे, तेही बंद झालं, म्हणाले. “आणि तुमचीच ती जीप. तिच्या सेटमध्ये या कुलपाची नवी किल्ली भरायची राहिली, तर तिला तुमचंच बोलणं कळेना. हवालदार बिचारा पानवाल्याकडे मोबाईल मागत होता.”

“चोरही ऐकायचे, सार. आणि तुम्ही ऐकत होता, तोही गुन्हाच.”

“मग पकडा.”

नारायणस्वामींनी कपाळ चोळलं. “तुमचं स्वतःचं काय अडलंय, ते तरी सांगा.”

वसंतराव भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राहिले. पंखा या टोकाला गेला, त्या टोकाला गेला.

“माझं काय अडणार? सवय. दुपारी ऐकता ऐकता डोळा लागायचा.”

“गाण्यांचा रेडिओ लावा.”

“तुमच्या दुपारपाळीच्या मुली शांत बोलतात. आग लागली तरी आवाज चढत नाही.” मग चष्मा पुसत, “पोलिसात मुली घ्यायला माझा विरोध असायचा.”

“असायचा?”

“असायचा.”

“त्याच मुली आता आळीपाळीनं शंभर नंबरवर बसतात. काही घडलं तर तिथं फोन करा, सार. इथं येऊन माझी कॉफी गार करू नका.”

वसंतराव बसने जॉर्ज टाउनला परतले. दारात चपला काढल्या. बायकोनं, विमलाबाईंनी, पाण्याचा तांब्या पुढे केला.

पोलिसांचं बोलणं ऐकायचा सेट खिडकीत होता. वसंतरावांनी तो खालच्याच गल्लीतून आणला होता, आणि त्याच महिन्यात घरातला लँडलाइन फोन काढून टाकला होता. आपल्याला कोण फोन करणार, म्हणाले होते. तेव्हापासून या घरात दुपारी कुकर लागत नसे. शिटीत बोलणं बुडतं. विमलाबाई सेटजवळ शेंगा मोडत बसत, त्याही आवाज न करता. एकदा दुपारपाळीच्या बाईचा घसा बसला, तर त्यांनी आठवडाभर आल्याचा काढा केला. प्यायला कुणी नव्हतं. रोज मोरीत ओतला. शेजारची श्रीदेवी म्हणायची, “म्हातारपणी माणूस कशातही जीव गुंतवतो, मामी. माझी सासू मालिकेत गुंतली आहे.”

आता सेटमधून खरखर येत होती. वसंतरावांनी बटण फिरवलं. तीच खरखर, जरा मोठी.

“अहो, बंद करा ते,” विमलाबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. भर दुपारी त्यांनी कुकर चढवला.

वसंतरावांनी सेट बंद केला. मग खिशातला मोबाईल काढला आणि शंभर दाबलं. पलीकडे पुरुषाचा आवाज आला. त्यांनी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पुरुषच. तिसऱ्या दिवशी बाई होती, पण नुसतं वणक्कम ऐकूनच त्यांनी ठेवला. विमलाबाई दारात उभ्या राहून बघत. कुकर मात्र रोज दुपारीच लागे.

त्यानंतरच्या दुपारी त्यांनी फोन लावला आणि ठेवला नाही.

“वणक्कम, पोलीस कंट्रोल. सोल्लुंगो, काय झालं?”

वसंतराव ताठ बसले. पाठ केल्यासारखं तमिळमध्ये म्हणाले, “वाट अडली आहे.”

“कुठे, सार?”

“जॉर्ज टाउन. आमच्या दारात.”

“कुणी जखमी?”

त्यांनी विमलाबाईंकडे पाहिलं. “दोघं.”

“वाट केव्हापासून अडली आहे?”

“आठ वर्षं.”

पलीकडचं टायपिंग थांबलं. आत कुकरची शिटी झाली. विमलाबाई गॅसकडे गेल्या नाहीत. दुसरी शिटी झाली.

मग तोच आवाज, जराही न चढता, मराठीत म्हणाला, “आधी आईला फोन द्या, बाबा.”