बोंब न मारणारी गाडी

गुरुनाथ ऑफिसातून अमेरिकेतल्या शुगर लँडच्या घरी येऊन बूट काढायला वाकला, की खिशातल्या किल्लीचं पॅनिक बटण दाबलं जाई आणि दारातली गाडी बोंबलू लागे. "दोष किल्लीचा नाही, पोटाचा आहे," बायको रत्ना म्हणाली, आणि पुण्याहून आलेले सासू-सासरेही हसले. इंजिनिअर जावयाला हसणारी ही कॉमर्सवाली माणसं! त्याने थ्रीडी प्रिंटरवर किल्लीसाठी टणक कव्हर बनवलं आणि वाकल्यावर बटणावर किती न्यूटन बल येतं, यावर तिघांना लेक्चरही दिलं.

सोमवारी त्याने पहिल्यांदाच शांतपणे बूट काढले. तोच स्वयंपाकघरातून रत्नाचा आवाज आला,

"बाबा, गाडी अजून बोंबलली नाही. तोवर घटस्फोटाच्या वकिलाशी बोलून घेऊ."