रेल्वेच्या तळ्यावरची पाटी

ईश्वरप्पानं काठी आडवी धरली आणि अंबुबाईची सगळी मेंढरं जागच्या जागी तटली. मागच्यांनी पुढच्यांच्या पाठीवर हनुवट्या टेकल्या. गावच्या ओढ्यात चूळ भरायलाही पाणी उरलं नव्हतं, आणि हितं होटगीचं रेल्वेचं तळं, इंजिनांसाठी राखलेलं, काठोकाठ.

"साहेबानं पाटी लावलीया, अक्का," तो म्हणाला. "हितं अंघोळ बंद."

पाटी इंग्रजीत होती. ईश्वरप्पा रेल्वेचा राखणदार. त्याला कानडी येत होतं, मराठी येत होतं, इंग्रजीतली एक रेघ येत नव्हती. पण खांबाला खिळे त्यानंच मारले होते, त्यामुळं पाटी आपल्याला कळते असं त्याला वाटायचं.

अंबुबाईचं टाळकं सरकलं. परवा वळसंगचे पाव्हणे लोकर कातरायला येणार होते. मेंढरं आज धुतली तर उद्याच्या उन्हात वाळणार. लोकरीत माती आणि गोखरू तसंच राहिलं तर कात्र्या बोथट होतात. असल्या मेंढराला पाव्हणे हात लावत नाहीत, जेवतात आणि पुढच्या वस्तीवर जातात. मग थंडी सरेपर्यंत त्यांचं तोंड दिसत नाही.

"अंघोळ कोण करतंय?" ती म्हणाली. "मेंढरं धुवायचीत. माझी दसऱ्यालाच झालीया."

ईश्वरप्पाला वाटलं, हे पाटीत बसतं का ते वाचणाराच सांगेल. एक मेंढरू जरी ओलं झालं तरी सगळा कळप कोंडवाड्यात घालीन, असा दम देऊन तो ठेसनातल्या महिपतबाबूला आणायला गेला. बाबू नवीनच आला होता, मॅट्रिक झालेला. होटगीला त्याच्याशी इंग्रजी बोलायला कुणी नव्हतं. इंग्रजी वाचायचंय म्हटल्यावर तो काळ्या कोटाची बटणं लावत ईश्वरप्पाच्या पुढं पळत आला.

त्यानं पाटी मोठ्यानं वाचली, मग शाळेत सांगतात तसं सांगायला लागला. ह्यात क्रियापद आहे 'बेद', 'बाथ'वरनं आलेलं. माणूस अंग धुतो, ते बेद. आई पोराला न्हाऊ घालते, ते बेद. जखमेवर पाणी सोडून ती साफ करायची, तेही बेद. आणि विलायतेत साहेब-मडमा समुद्रात नुसत्या मजेसाठी पोहतात, तेही बेदच.

अंगाला मळ नसताना पाण्यात कशाला जातात, हे अंबुबाईनं पुन्हा विचारून घेतलं. बाबू म्हणाला, मजा. तिला ते काही पटलं नाही.

"आणि मेंढरू?"

बाबू अडला. पुस्तकात मेंढरू नव्हतं. तो काठावरच्या दगडावर उभा राहून विचार करायला लागला. मेंढरू स्वतःचं अंग चोळत नाही. त्याला कुणी न्हाऊ घालत नाही. ते आत शिरतं आणि पोहत पलीकडं जातं. म्हणजे पोहणं आलं. पोहणं म्हणजे मजा आली. म्हणजे बंद.

"मजा?" अंबुबाईनं जवळच्या मेंढीचं तोंड धरून त्याच्याकडं फिरवलं. "हिच्या तोंडाकडं बघून सांगा की."

बाबूनं खरंच वाकून बघितलं.

अंबुबाईचा नवरा धुळाप्पा भांडणात कधी पडत नसे. तो आपला कामाला लागला होता. मेंढरं पाण्यात हाकलावी लागत नाहीत. एक आत गेलं की बाकीची काठावर थांबतच नाहीत. म्हणून त्यानं म्होरक्या एडक्याला शिंगाला धरून पुढं ओढलं. एडक्याला पाण्याचा भारी राग. त्यानं हिसडा मारून शिंगं सोडवली, आणि समोर जे वाकलेलं दिसलं त्याला धडक दिली.

महिपतबाबू पाण्यात गेला.

कुणीतरी आत गेलेलं मेंढरांना दिसलं. कोण गेलं ते मेंढरं बघत नाहीत. ईश्वरप्पाच्या काठीखालून, काठीवरून, त्याच्या पायांतून सगळा कळप धबाधबा तळ्यात पडला.

बाबू आधी इंग्रजीत ओरडला, मग मराठीत, मग नुसतंच तोंड उघडलं. हाताला लागली ती मेंढी त्यानं मिठी मारून धरली. मेंढी त्याला घेऊन पलीकडं निघाली. काठाजवळ तिचे पाय टेकले, ती उभी राहिली, तेव्हा बाबू पण उभा राहिला. पाणी त्याच्या गुडघ्याला होतं.

मागोमाग सगळा कळप तिकडंच बाहेर निघाला, आणि काठावरची माणसं बांधावरून पळत तिकडं गेली. ईश्वरप्पानं तळ्यात वाकून बघितलं. साहेबाच्या पाण्याचा रंग चहासारखा झाला होता.

"बाबू," तो म्हणाला, "पाटीपरमानं ह्ये काय धरायचं?"

बाबूच्या कोटातून पाणी गळत होतं, केसांत गोखरू अडकलं होतं. तरी त्यानं नीट विचार केला. अंग धुतलं म्हणावं तर तसंही नाही. मजा म्हणावी तर, इथं तो जरा घुटमळला.

"ह्याला इंग्रजीत शब्द नाही," तो शेवटी म्हणाला. "शब्दच नाही तर बंदी कशी असेल?"

ईश्वरप्पानं काठी खाली घेतली.

अंबुबाई तोवर एकेका मेंढीची लोकर फाकून बघत होती. वरची माती गेली होती, मुळाशी तशीच. पहिल्या पाण्यानं ती नुसती सुटते, निघते दुसऱ्या पाण्यानं. धुळाप्पानं एडक्याला पुन्हा काठाशी आणलं, आणि ह्या खेपेला शहाण्यासारखा तो आत उतरलाही. मागनं एक मेंढरू हललं नाही. सगळी कान झाडत उभी होती आणि बाबूकडं बघत होती.

"बाबू," अंबुबाई म्हणाली, आता जरा गोड आवाजात, "ती तुमच्याच मागनं येणार."

बाबूनं मेंढरांकडं बघितलं. पाटीकडं बघितलं, इकडून तिची नुसती मागची कोरी फळी दिसत होती. मग तो खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

ईश्वरप्पानं तळ्याकडं पाठ केली आणि रुळाकडं बघत उभा राहिला. गाडी यायला अजून लई वेळ होता.