बिनकिल्लीची स्वारी

रविवारी नवरा मेस्कालच्या गुत्त्यात जाऊ नये म्हणून कासिल्दाने पिकअपची किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. गुत्त्यात पायी जाणं एपिफानिओच्या मिशीला शोभणारं नव्हतं. पण जुन्या गाडीसारखं या नवीचं स्टिअरिंग किल्लीवाचून अडकून बसत नाही, हे त्याने केव्हाच हेरलं होतं. त्याने गिअर न्यूट्रलला टाकला, हँडब्रेक सोडला. गाडी उतारावरून थेट गुत्त्याच्या दारात! इंजिनाने हूं की चूं केलं नाही.

संध्याकाळी बाहेर येऊन पाहतो तर गाडी गायब. आता बायकोला कुठल्या तोंडाने सांगायचं, या धास्तीने तो धापा टाकत चढ चढला.

गाडी अंगणात उभी होती.

"दमलात का हो?" कासिल्दा किल्ली बोटावर फिरवत म्हणाली. "उतरायला नसेल लागत, चढायला लागते."