चपलांचा ढीग

हॉस्टेलमधल्या लेकीच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग पाहून भाऊराव थबकले. गावाकडे दारात एवढ्या चपला दिसल्या, की आत कोण गेलं, एवढंच विचारायचं उरतं.

"मला न्यायला या, बाबा. इथं माझ्याशी कुणी बोलत नाही," असं चैतालीने कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात रडत सांगितलं होतं. रजा मिळायला उशीर झाला. मधे फोन केला, की "आम्ही आता अभ्यासाला बसतोय," म्हणून ती ठेवून द्यायची. पोर रडणं लपवतेय, असंच त्यांना वाटायचं.

"या मजल्यावर सगळ्या पहिल्या वर्षाच्या मुली. जिला जे येतं, ते तिने संध्याकाळी बाकीच्यांना शिकवायचं," सोबतच्या रेक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी दार ढकललं.

पलंगांवर, जमिनीवर, खिडकीत, मुलीच मुली. आणि कपाटाच्या दारावर खडूने गणित मांडणारी चैताली. घरी पाहुणे आले की स्वयंपाकघरात लपणारी!

"जुलेखा, लक्ष कुठंय? परत सांगते," ती दरडावत होती. मग तिला बाप दिसला. "बाबा! बसा ना, एवढं गणित होऊ द्या."

भाऊरावांनी आपल्याही चपला त्या ढिगात काढल्या.

निघताना ती फाटकापर्यंत सोडायला आली. घरी न्यायचा विषय दोघांनीही काढला नाही. तिच्या पायांत हिरव्या, चांगल्या दोन बोटं मोठ्या चपला होत्या.

"या कुणाच्या गं?"

"असतील कुणाच्या तरी," ती म्हणाली. "माझ्या घालून कुणीतरी मेसला गेलंय."