नंदाबाईचा पाटा

तापलेल्या समुद्रावर उठलेलं चक्रीवादळ दुपारपर्यंत घाट चढेल, सगळ्यांनी शाळेत चला, असं पोलीसपाटील कार्ल्यात घरोघर सांगून गेले. “शाळेत कशाला? दरसालचं दगड ठिवलं की झालं,” म्हणत हौशीराम शिडी लावून छपरावर चढला. पत्र्यांवर दगड मांडले, पण चुलीवरच्या पत्र्याला एक कमी पडला. त्यानं बायकोचा पाटा मागितला. “अवो, मग चटणी कशावर वाटू?” नंदाबाई करवादली. “वारं गेलं की देतो खाली काढून.” वारं आलं तेव्हा तो गोठ्यात गाय सोडत होता. डोळ्यांदेखत पत्रे भातखाचरांपलीकडे उडाले. पाटा उडाला नाही. तो चुलीपाशी पडला, तिथे नंदाबाई होती. संध्याकाळी तिला अंगणात निजवल्यावर हौशीराम शेजाऱ्यांवर ओरडू लागला, “दगड उतरवा रं खाली!” “डोकं फिरलं बिचाऱ्याचं,” म्हणत शेजाऱ्यानं आपल्या उरलेल्या पत्र्यावर आणखी एक दगड चढवला.