परतफेड

शेजारणीच्या आमटीला भालचंद्ररावांनी दोनदा 'वा' म्हटलं, तेव्हापासून तीन दिवस घरात अबोला होता आणि त्यांच्या चहात साखर नव्हती.

शेवटी नातीने आजी-आजोबांच्या हाती एकेक मोबाइल देऊन राक्षसांच्या लढाईचा खेळ लावला. "दोघांकडेही 'परतफेड' हा डाव आहे. आधी मार खायचा, मग दुप्पट हाणायचं. समोरच्याने मारलंच नाही, तर डाव फुकट."

दोघांनीही परतफेडच निवडली. राक्षस एकमेकांकडे बघत उभे राहिले. पाचव्या खेपेलाही तेच.

"अहो आजोबा, कोणीतरी सुरुवात करा ना!"

"तुझ्या आजीला सांग."

"त्यांना सांग, मला घाई नाही."

भालचंद्ररावांनी चष्म्यावरून पाहिलं. बायकोचा अंगठा टपून बसला होता. बेचाळीस वर्षांत तिचा नेम कधी चुकलेला नव्हता. त्यांनी निमूटपणे साधी टपली निवडली. तिच्या राक्षसाला जेमतेम गुदगुली झाली. त्यांचा मात्र पुढच्याच क्षणी उताणा पडला.

"जिंकले!" ती ओरडली, आणि मग थेट त्यांच्याकडेच वळली. "फार नाही ना हो लागलं? थांबा, चहा टाकते."

चहात साखर दुप्पट होती.